कासार बोळातलं पाऊल

१

दूधवाल्याची मोटारसायकल सकाळी कासार बोळात शिरली आणि रस्त्याच्या मधोमध टाकलेल्या एका फळीवर धडकली. फळीच्या टोकाला लाल फडकं बांधलं होतं. ती टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने फळी पायाने बाजूला सारली, आणि पुढची शिवी त्याच्या घशातच राहिली. गटाराच्या चेंबरवरचा जुना बिडाचा ढापा जागेवर नव्हता. खाली काळा खड्डा होता, आणि खड्ड्याच्या कडेला, फुटलेल्या नळाच्या चिखलात, एका लहान मुलाचं अनवाणी पाऊल उमटलं होतं.

उपनिरीक्षक योगिनी देवरे पोचली तेव्हा निम्मं जुनं नाशिक तिथे गोळा झालं होतं. प्रत्येकाकडे एक मत होतं आणि ते शेजाऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगायचं होतं.

"आधी पोर पडलं," एक आजोबा सांगत होते. "भंगारासाठी ढापा उचलला, पोर गेलं आत. मग चोराची पाचावर धारण बसली. वर फळी टाकली आणि पाप झाकलं."

योगिनी चिखलात उकिडवी बसली. डावं पाऊल होतं, तीनेक वर्षांच्या मुलाचं. गोल टाच, आणि पाचही बोटं सुटी सुटी, ओल्या मातीत हरभरे दाबावेत तशी. उजवं पाऊल कुठेच नव्हतं. जवळूनच चिखलात एक वाकडी रेघ गेली होती, कुणीतरी मोठी बादली टेकवल्यासारखी, आणि पुढे फरशी लागताच संपली होती. बोळातली पाण्याची बोंब बघता बादल्यांना तोटा नव्हता. तिने फोटो काढले, शेजारच्या बांधकामावरून एक घमेलं मागवलं आणि पावलावर पालथं घातलं.

"याला कुनी हात लावला," हवालदार खंडेराव गर्दीवर गरजले, "तर त्यालाच घमेल्याखाली झाकीन."

अग्निशमन दलाचे जवान दोर बांधून आत उतरले. पोलिसांत माणूस घट्ट होतो म्हणतात. चोऱ्या, मारामाऱ्या, भाऊबंदकी यांनी योगिनी घट्ट झालीही होती. लहान मुलांच्या बाबतीत मात्र तिचा जीव अजून पातळच होता. खड्ड्याच्या तोंडाशी उभी राहून ती मनातल्या मनात सगळ्या देवांना एकच गोष्ट मागत होती.

जवान वर आला. त्याने मान हलवली.

"इथं काही नाही, मॅडम. पण पाण्याला ओढ आहे. पुढे नाल्यात गेलं असेल तर सांगता येत नाही."

गर्दीतली एक बाई हंबरडा फोडून रडायला लागली. तिचं कुणीही हरवलं नव्हतं.

२

दुपारपर्यंत योगिनीने जुन्या नाशिकातली पोरं मोजायचं काम केलं. अंगणवाड्या झाल्या, शाळा झाल्या, दर्ग्याजवळच्या गल्ल्या झाल्या. पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेल्या मजुरांची पालं नदीकडेला होती, तिथेही ती गेली. एका पालात आईने झोपलेल्या मुलाला उचलून छातीशी धरलं आणि योगिनी निघून जाईपर्यंत खाली ठेवलं नाही.

प्रत्येक पोर आपापल्या जागी होतं. कुठेही तक्रार नव्हती. खरं तर सुटकेचा श्वास टाकावा, पण घमेल्याखालचं ते पाऊल काही तिच्या डोळ्यांपुढून जाईना. कुणाचंच पोर हरवलं नसेल, तर ते उमटलं कुणाचं?

"चोराला धरू, मॅडम," खंडेराव म्हणाले. "पोराचं तोच सांगंल."

जुन्या नाशिकात लोखंड गेलं की पहिली हाक मनोज भंगारवाल्याला जाते. आपल्या गंजक्या साम्राज्यात तो गादीवर बसून चहा पीत होता.

"बीड चांगलं जातं, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "पण मॅडम, मी ढापा उचलला असता तर वर एवढी चांगली फळी ठेवून आलो असतो का? फळीपण आणली असती. सागाची आहे, मी सकाळीच बघून आलो."

खंडेराव हसले. योगिनी हसली नाही. सागाची फळी. तिने परत जाऊन ती उलटसुलट करून पाहिली. ती नुसती फळी नव्हती. दोन्ही बाजूंना लोखंडी बिजागऱ्या होत्या, आणि आतल्या अंगाला लाकडात मुरलेले पिवळे-भगवे डाग होते.

दुसरा संशयित दिनेश. जुने बिडाचे ढापे काढून फायबरचे नवे बसवायचं काम ज्या ठेकेदाराकडे होतं, त्याचा हा मुकादम. पोलीस बघून तो उगाचच घामाघूम झाला.

"मी कशाला चोरू? परवा त्या बोळातले ढापे आम्ही रीतसर काढणारच आहोत. आजवर दोन ट्रक भरून जुना माल भट्टीला गेलाय, पावत्या आहेत. वितळून त्याच्या सळयासुद्धा झाल्या असतील."

"मग एवढा घाम का?"

"लोकांनी डोकं खाल्लंय, मॅडम. महिनाभर रोज कुणीतरी भांडायला येतं. म्हणे तुमची माणसं ढापे हलवतात, आणि तेव्हापासून ते वाजतात. स्कूटर गेली की खडाड्. तांबट लेन, भद्रकाली, सगळीकडे. देवाशप्पथ, आम्ही ज्याला हात लावतो तो काढूनच नेतो. परत कशाला बसवू?"

मग ढापे उचलून परत बसवत कोण हिंडतंय?

३

गंगापूर रोडवरच्या एका चौथ्या मजल्यावर, भिंतभर लावलेल्या कापडी ठशांसमोर, ज्योत्स्नाबाई रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बसल्या होत्या. त्या वास्तुकलेच्या प्राध्यापक. कापड अंथरून, त्यावर रंगाचा बोळा फिरवून शहरातल्या जुन्या ढाप्यांचे ठसे घ्यायचा त्यांना नाद होता. ते ढापे वितळवू नका म्हणून त्यांनी पालिकेला अर्जांवर अर्ज केले होते. ढापा गेल्याची तक्रारही त्यांनीच पालिकेला करायला लावली होती.

"ढाप्यासाठी डोळ्यात पानी?" खंडेराव कुजबुजले. योगिनीने त्यांना कोपराने गप्प केलं.

"हे सगळे इथे ओतलेले आहेत, नाशिकला, द्वारका चौकाजवळ," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "भवानी ओतकाम. कारखाना केव्हाच बंद पडला. हे बघा, जाळीची नक्षी, मधोमध नाव. आणि इथे कडेला बारीकशी खाच. अशीच खाच खालच्या चौकटीला असते. ढापा आणि चौकट एकमेकांवर घासून बसवलेले असत. खाचेला खाच जुळली की वरून ट्रक गेला तरी आवाज नाही. जरा फिरवून ठेवला तर वाजत राहतो."

योगिनी पुढे सरकली. "म्हणजे जो महिनाभर ढापे उचलतोय, त्याला ही खाच माहीत नाही."

"नसणार. कारखान्यातल्या माणसाने असा गाढवपणा केला नसता. आणि मीही नाही, माझ्यावर संशय असेल तर." त्यांनी नाक पुसलं. "मला तर ढापा उचलवतसुद्धा नाही. मी वरचीच बाजू पाहिली आहे आजवर."

"खालच्या बाजूला काय असतं?"

"काही नाही. सपाट." मग त्या भिंतीवरच्या एका ठशाकडे वळल्या. "एक ऐकीव गोष्ट आहे. भिका ओतारी म्हणून शेवटचे कारागीर होते, यंदाच्या थंडीत वारले. त्यांनी सांगितलं होतं. वाळूच्या साच्यात ओतकाम चालायचं. ओताऱ्याचं मूल पहिल्यांदा कारखान्यात आलं की त्याचं पाऊल ओल्या वाळूत उमटवून घ्यायचे, ढाप्याच्या खालच्या अंगाला, मालकाला कळू न देता. सगळेच करायचे, म्हणाले. पोराचे पाय बिडासारखे घट्ट होवोत म्हणून. मला एकदा तरी बघायचं होतं, पण गटाराच्या बाजूने कोण बघतं?"

योगिनीने आपला तळहात उलटा करून पाहिला. वाळूत पाऊल उमटलं की खळगा पडतो. खळग्यात बीड शिरलं की वर येतो तो उंचवटा. म्हणजे ढाप्याखाली असते ती पावलाची खूण नव्हे. तळवाच असतो, टाचेसकट, बोटांसकट.

आणि तसा ढापा कुणी ओल्या चिखलात टेकवला तर?

४

"पोर पडलंच नाही, खंडेराव." जीपमध्ये बसल्या बसल्या ती म्हणाली. "ती वाकडी रेघ बादलीची नव्हती, ढाप्याच्या कडेची होती. पोराचे दोन पाय असतात, ढाप्याला एकच होता. ढापा उचलून चिखलात टेकवला, तेव्हा ते पाऊल उमटलं."

"आन् फळी? पाप झाकाया?"

"पाप नाही. कुणी पडू नये म्हणून. वर लाल फडकंसुद्धा बांधलं. भंगारवाला एवढी काळजी करत नाही, ठेकेदाराचा माणूस परत बसवत नाही, बाई खाच चुकत नाहीत. कुणीतरी एकेक ढापा उचलून खालून चाचपत होतं. हवा तो मिळाला, आणि परवा तो भट्टीत जाणार म्हणून उचलून नेला. आता ती फळी कसली ते सांगा. बिजागऱ्या आहेत, आणि आतून झेंडूचे डाग."

खंडेरावांनी कपाळावर हात मारला. "टेम्पोचा फाळका! फुलाच्या टेम्पोचा!"

फुलबाजारात मागे फाळका नसलेला टेम्पो शोधायला वेळ लागला नाही. मागून दोरीचं जाळं बांधून माल आणतोय, जीवन, मखमलाबादचा, असं तिसऱ्याच गाळ्यावर कळलं. बाप कोण विचारलं, तर भिका ओतारी; आई नवसाबाई. कारखाना बंद पडल्यावर म्हाताऱ्याने सासुरवाडीच्या मळ्यात फुलं लावली होती.

मखमलाबादला शेवंतीच्या वाफ्यांपलीकडे त्यांचं पत्र्याचं घर होतं. ओट्यावर एक म्हातारी गजरे ओवत होती. डोळ्यांवर पांढरट पडदा आला होता, पण बोटं सुईच्या आधी फुलापाशी पोचत होती. जीवन माल टाकायला गेला होता, म्हणून खंडेराव त्याची वाट बघत फाटकाशीच थांबले.

"नवसाबाई ना? पोलिसातून आलेय, मावशी."

"बसा. जीवननं काय केलं?"

"ते तोच सांगेल. मला ते पाऊल कुणाचं ते सांगाल?"

म्हातारीची बोटं थांबली.

"कुसाचं," ती म्हणाली. "माझी थोरली. जीवन व्हायच्या आदीची. तवा आमी गावात ऱ्हायचो. गटारं उघडी, पावसात सगळं घान पानी घरात. साथ आली, जुलाब लागले. सकाळी हसत व्हती, सांजच्याला गेली. त्याच म्हैन्यात ह्यांच्या कारखान्यात ढाप्याचं काम आलं व्हतं. गटारांवर ढापे पडले, पर कुसा गेल्यावर." तिने पदर डोळ्यांना लावला. "फोटू नाय, काय नाय. ह्यांनी कंदी तिचं नावसुदिक घेतलं नाय. मी समजले, इसरला गडी. आन् मराया टेकले तवा बोलले. म्हनले, कुसाचं पाऊल हाय, एका ढाप्याखाली. कुठला ते मला ठावं नाय. तुला सांगितलं आसतं तर तू रस्त्यावर बसली आसती. लोकं तिच्यावरून चालत्यात, खालनं गटार वाहतं, कसं सांगू?"

योगिनी ओट्याच्या कडेला टेकली.

"तवापून माझा पाय ढाप्यावर पडत नाय. वळसा घालते. परवा रिक्षाखाली आले आसते. डोळ्यास्नी धुरकट दिसतं, पर हात हाय ना. एकदा हात फिरवला की झालं. वळखीन मी." ती ओल्या डोळ्यांनी हसली. "तिचं डावं पाऊल न्यारंच व्हतं. शेवटची दोन बोटं जुळलेली, मदी फटच नाय. सुईन म्हनली व्हती, भाग्याची हाय पोर."

योगिनीने खिशातला मोबाइल काढला आणि सकाळचा फोटो उघडला. पाचही बोटं सुटी सुटी होती, हरभऱ्यासारखी.

सगळेच करायचे, असं भिका ओतारी ज्योत्स्नाबाईंना म्हणाले होते. ते त्यांनी मुलाला सांगितलं नसावं; पाऊल असलेला पहिलाच ढापा त्याने बहिणीचा मानला होता.

फाटकाशी टेम्पो येऊन थांबला.

५

जीवन चाळिशीच्या आतला, रापलेला गडी होता. पोलिसांची जीप बघून तो पळाला नाही, की गयावया करायला लागला नाही. पुढे येऊन उभा राहिला.

"मीच नेला, मॅडम. पहाटे बाजारात माल टाकून झाला की रोज दोन-तीन ढापे पहारीने उचलून बघायचो. वाटलं तर आत टाका मला. फक्त आईला आधी दाखवू द्या. गंज काढून, धुऊन, संध्याकाळी दाखवणार होतो."

योगिनीने त्याला टेम्पोच्या आडोशाला नेलं. सांगायला तोंड उघडलं. ढापा तुझ्या बहिणीचा नाही, दुसऱ्याच कुणाच्या तरी लेकराचा आहे, एवढंच वाक्य होतं. पण तिची नजर त्याच्या हातांवर गेली. तळव्यांना पहारीने घट्टे पडले होते, एका बोटाचं नख चेंगरून काळंनिळं झालं होतं.

"मी तिला कधी पाहिलं नाही," तो म्हणाला. "घरात तिचं नाव कुणी काढत नसे. पण आई माझ्याकडे बघायची ना, लहानपणी, तेव्हा माझ्या मागे आणखी कुणीतरी उभं असल्यासारखी बघायची. मला वाटायचं, मी पुरा पडत नाही. एवढं एक तरी तिला द्यावं, मॅडम."

योगिनीचं वाक्य तोंडातच विरलं. तिला स्वतःचा राग आला, पण ते काही केल्या बाहेर येईना.

जीवनने गोण्यांखालून ढापा काढला. गडगडवत ओट्याशी आणला आणि आईपुढे हळूच पालथा घातला. गंजलेल्या सपाट बिडावर कडेशी एक इवलासा तळवा वर आला होता, जणू कुणी पलीकडच्या बाजूने जमिनीवर पाय टेकवून उभं होतं.

नवसाबाईने हात पदराला पुसले. देवाला लावावा तसा हात लावला. बोटं टाचेवर फिरली, तळव्याच्या खोलगट भागावर थांबली, मग हळूहळू बोटांकडे सरकली. अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं. शेवटच्या दोन बोटांमध्ये तिचं बोट गेलं आणि अडकलं. तिथे फट होती.

ती पुन्हा टाचेकडे आली, आणि पुन्हा शेवटपर्यंत गेली. खंडेरावांना यातलं काही माहीत नव्हतं, तरी त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

जीवन आईच्या तोंडाकडे बघत होता.

"हीच," नवसाबाई म्हणाली. "हीच माझी कुसा."

एवढा बाप्या माणूस, पण आईच्या मांडीत तोंड खुपसून ढसाढसा रडला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि दुसरा हात तिने त्या परक्या पावलावर तसाच ठेवला होता.

पुढे जे करायचं ते योगिनीला करावंच लागणार होतं. तक्रार पालिकेची होती, ढापा परत द्यायचा होता. तिने तसं सांगितलं. जीवन तोंड धुवायला हौदाकडे गेला, तेव्हा म्हातारीने तिला जवळ बोलावलं.

"बाई, तुमाला ठावं व्हतं."

"हो, मावशी."

"त्याला सांगू नका. लय शोधलं त्यानं." तिने ढाप्यावरून पुन्हा हात फिरवला. "माझी कुठं आसंल?"

दिनेशचे दोन ट्रक योगिनीच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. भट्टी, सळया. "असेल कुठेतरी," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखी फार लवकर म्हणाली.

नवसाबाईने मान हलवली. तिला कळलं होतं. "भट्टीतनं आली व्हती, भट्टीत गेली आसंल," ती पुटपुटली, आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच पार कोसळला. योगिनीने तिचे दोन्ही हात धरले.

"हा मातर जागेवर बसवा," थोड्या वेळाने म्हातारी म्हणाली. "काढू देऊ नका कुनाला. आनखी कुन्या आईला आसंच एक दिवस कळंल. ती शोधाया आली, तर लेकरू जागेवर सापडाया पायजे."

दुसऱ्या दिवशी ढापा कासार बोळात परत आला. जीवनवर गुन्हा दाखल झाला, पण परत आणून दिल्याची नोंद योगिनीने स्वतः केली आणि समज देऊन सोडण्याची शिफारसही. हा ढापा कुणी काढायचा नाही, असं तिने दिनेशला बजावलं. ज्योत्स्नाबाईंच्या अर्जावर आता तिचीही सही होती.

ढापा बसवताना जीवनने स्वतः पहार धरली. ज्योत्स्नाबाईंनी खाच दाखवली, ढापा जरासा फिरवला, आणि तो चौकटीत बसला. खंडेरावांनी बाजूचं घमेलं उचललं. चिखल वाळून पावलाला भेगा गेल्या होत्या. जीवनने खिशातून झेंडूचं एक फूल काढून त्यावर ठेवलं आणि बहिणीला हात जोडले. योगिनीने मान वळवली.

तेवढ्यात एक स्कूटर ढाप्यावरून गेली. कसलाही आवाज झाला नाही.

जीपकडे जायला ढाप्यावरून सरळ वाट होती. योगिनी वळसा घालून गेली. तिच्यामागून खंडेरावही, काही न विचारता.